वीणा कोणाच्या गळ्यात? प्रकल्पातील कामे आणि जबाबदाऱ्या वाटून देण्याची रीत

मराठवाड्यातील गावात अखंड हरिनाम सप्ताह बसतो तेव्हा सात दिवस, रात्रंदिवस, मंडपातील वीणा खाली ठेवली जात नाही. पहाटे तीन वाजता ती कोणाच्या गळ्यात असेल याची काळजी मात्र कोणी करत बसत नाही, कारण पहाऱ्यांची यादी आधीच लिहून सर्वांना दाखवलेली असते. ज्याचा पहारा आहे तो येईपर्यंत आधीचा विणेकरी जागा सोडत नाही आणि वीणा एका गळ्यातून थेट दुसऱ्याच्या गळ्यात जाते. टाळकरी दहा असोत की पन्नास, वीणा एकच असते.

हेच गावकरी चार महिन्यांनी शेतकरी गट म्हणून गोदाम बांधायला घेतात, तेव्हा मात्र 'हे काम कोणाकडे होते?' या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. माणसे तीच असतात आणि त्यांची कष्टाची तयारीही तीच असते. उणीव असते ती पहाऱ्याच्या यादीची. प्रकल्पाची ही यादी कशी तयार करावी, हे पहिल्यांदाच प्रकल्प हाताळणाऱ्यांसाठी येथे क्रमाने सांगितले आहे.

सलग समजावे म्हणून एकच उदाहरण घेऊ. लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीला सोयाबीन आणि तूर स्वच्छ करून प्रतवारी करण्याचे केंद्र उभारायचे आहे, असे समजा. शेड, यंत्रे, वीजजोडणी, वजनकाटा, परवाने, पैसा आणि माल आणणारे सभासद अशी सात-आठ दिशांना पसरलेली कामे, आणि हाताशी दहा-बारा माणसे. अशा कंपनीत कायद्याने किमान ५ व कमाल १५ संचालक असतात आणि पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमावा लागतो. हे मंडळ निर्णय घेण्यासाठी असते, पण नवख्या कंपन्यांत 'संचालक मंडळ करील' असे ठरावात लिहून कामे त्याच्याच गळ्यात टाकली जातात आणि पहिली चूक तेथेच होते, कारण मंडळाला पाय नसतात. वीज कार्यालयात शेवटी कोणातरी एका माणसालाच जावे लागते.

पहिली पायरी: नावांआधी कामे लिहा

बैठकीत बसल्याबरोबर 'तुम्ही बांधकाम बघा, तुम्ही यंत्रे बघा' असे सुरू होते. हा मोह आवरावा. आधी प्रकल्प कोठे संपतो ते एका वाक्यात लिहावे. आपल्या उदाहरणात ते असे असेल: 'सप्टेंबरच्या मध्यापर्यंत केंद्रात चाचणीचा माल यशस्वीपणे चाळून, वजन करून, पोत्यांत भरलेला असेल.' 'केंद्र उभारणे' असे मोघम लिहिले तर ते कधी उभे झाले हे ठरवता येत नाही.

त्यानंतर कामाची फोड करावी. 'बांधकाम' हे काम नव्हे, तो कामांचा गठ्ठा आहे. जागेची कागदपत्रे, नकाशा, ठेकेदाराची निवड, पाया, शेडचा सांगाडा, पत्रे, फरशी आणि मालाची वाहने वळवण्यापुरती मोकळी जागा असे त्याचे तुकडे पडतात. तुकडा किती लहान करावा याची माझी कसोटी साधी आहे: ते काम झाले की नाही, हे बाहेरच्या माणसाला पाहून सांगता आले पाहिजे. 'वीजजोडणीचा पाठपुरावा' झाला की नाही हे कोणालाच सांगता येत नाही, पण 'कोटेशन (म्हणजे वीज कंपनीने कळवलेली जोडणीची रक्कम) भरून पावती फाइलला लावणे' हे काम झाले की नाही, हे फाइल उघडताच कळते. आपल्या केंद्रासाठी असे तीस ते चाळीस तुकडे पडतील. त्याहून जास्त पडू लागले तर आपण कामे लिहीत नसून हालचाली लिहीत आहोत, असे समजावे.

दुसरी पायरी: माणसांच्या आधी नक्षत्रे पाहा

शहरातील व्यवस्थापनाच्या वर्गात ही पायरी शिकवत नाहीत, पण आपल्याकडे तिच्यावाचून केलेली वाटणी मिरगातच वाहून जाते. सोयाबीनची काढणी सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होऊन ऑक्टोबरभर चालते, म्हणून तेथून उलट मोजत यावे. यंत्रांची चाचणी सप्टेंबरच्या मध्याला व्हायची असेल तर ती ऑगस्टमध्ये जागेवर बसली पाहिजेत. त्यासाठी पाया आणि शेड जूनच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे मृग निघण्याआधी, उरकले पाहिजे, कारण काळ्या मातीत पाऊस पडल्यावर खोदकाम थांबते आणि सिमेंटची गाडीही रुतते. मग जागेचे कागद आणि नकाशा फेब्रुवारीपर्यंत हाती असले पाहिजेत.

आता याच पट्टीवर माणसांचे वर्ष मांडावे. जून-जुलैमध्ये पेरणी, त्याच सुमारास आषाढीची वारी, एप्रिल-मेमध्ये लग्नसराई, ऑक्टोबरमध्ये सुगी. ज्याच्या घरी मे महिन्यात मुलीचे लग्न आहे, त्याच्याकडे मे महिन्यातले शेडचे काम देऊ नये, मग तो बांधकामातला कितीही जाणकार असो. त्याने आनंदाने हो म्हटले तरी देऊ नये. शाळेत शिकवणारा एखादा सभासद उन्हाळ्याच्या सुट्टीत मोकळा असतो आणि जूननंतर दिसत नाही, हेही लक्षात घ्यावे. माणसाची क्षमता आणि माणसाची सवड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझ्या अनुभवात प्रकल्प अडतात ते बहुधा दुसरीमुळे.

तिसरी पायरी: प्रत्येक कामाला एकच गळा

आता नावे लिहायची. येथे व्यवस्थापनशास्त्रातील 'रेसी तक्ता' नावाचे एक साधन फार उपयोगी पडते. त्यात प्रत्येक कामाच्या संदर्भात चार प्रकारचे संबंध सांगितलेले असतात: जो प्रत्यक्ष काम करतो तो 'रिस्पॉन्सिबल', ज्याला अखेर जाब विचारला जातो तो 'अकाउंटेबल', ज्याचा सल्ला आधी घ्यायचा तो 'कन्सल्टेड', आणि ज्याला फक्त कळवायचे तो 'इन्फॉर्म्ड'. मराठीत पहिल्या दोन्ही शब्दांना आपण सर्रास 'जबाबदार' म्हणतो आणि घोटाळा तेथूनच सुरू होतो. खरे पाहता 'जबाबदार' या शब्दातच 'जबाब' आहे. ज्याला जबाब द्यावा लागतो तो जबाबदार. म्हणून मी तक्त्यात 'करणारा', 'जबाबदार', 'सल्ला' आणि 'कळवणे' असे चार शब्द वापरतो, आणि ते कोणालाही समजावून सांगावे लागत नाहीत.

नियम एकच, पण तो मोडायचा नाही. 'करणारे' कितीही असू शकतात, मात्र 'जबाबदार' प्रत्येक ओळीत एकच असतो. दोघांची नावे लिहिली की दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहतो. संगणक क्षेत्रात रूढ असलेल्या स्क्रम पद्धतीतही 'प्रॉडक्ट ओनर', म्हणजे कोणते काम आधी करायचे ते ठरवणारा, ही एकच व्यक्ती असावी, समिती असू नये, असा स्पष्ट दंडक आहे.

आपल्या केंद्राच्या तक्त्यातील तीन ओळी अशा दिसतील:

काम: वीजजोडणीचे कोटेशन भरणे. जबाबदार: मुख्य कार्यकारी अधिकारी. करणारा: लेखापाल. सल्ला: वायरमन. कळवणे: अध्यक्ष.

काम: यंत्राचा आराखडा ठेकेदाराच्या हाती देणे. जबाबदार: यंत्रखरेदी पाहणारा संचालक. करणारा: तोच. सल्ला: यंत्रपुरवठादाराचा तंत्रज्ञ. कळवणे: बांधकाम पाहणारा संचालक.

काम: पहिल्या आठवड्यात माल आणणाऱ्या सभासदांची यादी. जबाबदार: सभासद-संपर्क पाहणारी संचालिका. करणारे: प्रत्येक गावातील गटप्रमुख. सल्ला: नाही. कळवणे: मुख्य कार्यकारी अधिकारी.

तिसऱ्या ओळीत 'सल्ला: नाही' असे लिहिले आहे, ते मुद्दाम. नवखा माणूस कोणी दुखावू नये म्हणून सर्वांची नावे 'सल्ला' या रकान्यात भरतो, आणि मग पोत्याच्या सुतळीचा रंग ठरवायलाही बैठक बसते. पाच माणसांत दोघादोघांच्या दहा जोड्या होतात, तर दहा माणसांत पंचेचाळीस. माणसे दुप्पट झाली की बोलणे साडेचारपट होते. सल्ल्याचा रकाना शक्य तितका रिकामा ठेवावा आणि 'कळवणे' सढळ हाताने भरावे.

एकाच नावाचा हा आग्रह मी धरतो त्यामागे एक जुना प्रसंग आहे. आमच्या पहिल्या गटप्रकल्पात वीजजोडणीचे काम आम्ही दोघांनी मिळून घेतले होते. कोटेशन हाती आले तेव्हा मला वाटले की सोबत्याने पैसे भरले, आणि सोबत्याला वाटले की मी भरले. रोज भेटत असूनही दोघांनी एकमेकांना विचारले नाही, कारण विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे असे दोघांनाही वाटत होते. यंत्रे आली, ताडपत्रीखाली उभी राहिली, सुगी सुरू झाली, आणि सभासदांनी माल नेहमीप्रमाणे आडतीवर नेऊन घातला. दोघेही कामसू होतो, म्हणूनच कोणी शंका घेतली नाही.

यात आमचा आळस किती आणि माणसाचा स्वभाव किती, हे फ्रान्सचे कृषी अभियंता माक्स रिंगेलमान यांचे प्रयोग वाचल्यावर उमगले. माणसांनी दोर एकट्याने आणि गटाने ओढला तर किती जोर लागतो, हे त्यांनी मोजले होते. १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आकड्यांनुसार आठ जण एकत्र ओढतात तेव्हा दर माणशी जोर एकट्याच्या जोराच्या साधारण निम्म्यावर येतो. काही जोर ताल न जुळल्यामुळे वाया जातो आणि काही 'बाकीचे ओढताहेत' या जाणिवेने आपोआप सैल पडतो. कोणी लबाडी करत असतो असे नाही.

चौथी पायरी: मान आणि काम वेगळे ठेवा

गावातील वडीलधाऱ्या माणसाला प्रकल्पात स्थान दिलेच पाहिजे. ते न दिल्यास पुढे जागेच्या वाटेवरून वाद उभा राहिला तर मध्यस्थी करायला कोणी उरत नाही. पण मानाचे पद द्यायचे असेल तर ते मानाचेच द्यावे. ज्यांना डोळ्यांनी कागद वाचणे अवघड जाते अशा आबांना खरेदी समितीचे प्रमुख करून, मग त्यांच्या पाठीमागे सर्व निर्णय दुसऱ्याने घेणे, यात आबांचाही अपमान आहे आणि कामाचीही हेळसांड. त्यांना 'सल्ला' या रकान्यात योग्य त्या दोन ओळींवर मनापासून बसवावे आणि त्या दोन बाबतींत खरोखर विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दुसरी खोड याच्या उलट आहे. बचत गटातून आलेल्या महिला सभासदांना हजेरीपत्रक, सत्कार आणि चहापाणी एवढेच दिले जाते. वास्तविक बचत गटाच्या महिलांनी अनेक वर्षे आठवड्याची वसुली, बँकेचा भरणा आणि नोंदवही एकही दिवस न चुकवता सांभाळलेली असते, आणि प्रकल्पाच्या रोख वहीसाठी याहून चांगली पूर्वतयारी कोणती असणार? कोणी काय काम केले आहे ते विचारावे. कोणाला काय येत असेल याचा अंदाज बांधू नये.

नात्यागोत्याचे भान ठेवावे. पैसे देणारा आणि बिल तपासणारा एकाच घरातले नसावेत. हे स्पष्ट बोलणे जड जाते, पण सुरुवातीच्या बैठकीत सर्वांसाठी नियम म्हणून ठरवले तर कोणा एकावर रोख राहत नाही. बिल आल्यावर ठरवले तर राहतो.

पाचवी पायरी: जबाबदारीसोबत किल्लीही द्या

पाडव्याला सालगडी ठरवताना सालाची रक्कम, धान्य, कपडे, उचल, सुट्ट्या आणि बैलांच्या वैरणीला हात घालण्याची मुभा हे सारे बोलून घेतात. प्रकल्पात मात्र 'तुम्ही बांधकाम बघा' एवढ्यावर वाटणी संपते आणि बांधकाम पाहणाऱ्याला चार पोती सिमेंट आणायलाही तीन जणांना फोन करावे लागतात. अधिकार नसलेली जबाबदारी ही शिक्षा ठरते.

म्हणून प्रत्येक जबाबदार व्यक्तीबाबत तीन गोष्टी ठरवाव्यात: ती स्वतः न विचारता किती रुपयांपर्यंत खर्च करू शकते, कोणत्या कागदावर सही करू शकते, आणि कोणत्या क्षणी तिने थांबून विचारलेच पाहिजे. उदाहरणार्थ, ५,००० रुपयांपर्यंतचे किरकोळ साहित्य पावतीवर, त्यापुढे मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची संमती, आणि नकाशात कोणताही बदल करायचा तर मंडळाचा ठराव. रक्कम कमीजास्त असू शकते; ती लिहिलेली असणे महत्त्वाचे.

सहावी पायरी: 'करू की' हा होकार नव्हे

बैठकीत चार लोकांसमोर नाही म्हणणे आपल्याकडे कोणाला जमत नाही. 'करू की', 'होतंय की', 'बघू' या उत्तरांचा अर्थ 'आत्ता विषय पुढे न्या' एवढाच असतो. म्हणून बैठकीत नावे सुचवावीत, पण होकार नंतर एकेकट्याला भेटून, शक्य तर त्याच्या घरी किंवा शेतावर, घ्यावा. त्या भेटीत एक पानी कामपत्रक सोबत न्यावे. त्यावर कामाचे नाव, काम झाले हे कशावरून ओळखायचे, तारीख, खर्चाची मर्यादा, कोणाला कळवायचे आणि आपण नसताना बदली कोण, एवढे लिहिलेले असावे. समोरच्याला ते स्वतःच्या शब्दांत सांगायला लावावे. तो 'वीजजोडणी करून घेतो' असे म्हणाला तर काम समजलेले नाही. 'कोटेशन आले की आठ दिवसांत भरून पावती लावतो, अडले तर साहेबांना सांगतो' असे म्हणाला तर समजले आहे.

बदलीचा रकाना रिकामा सोडू नये. आजारपण, सोयरीक, कोर्टाची तारीख यांपैकी काहीतरी येतेच. बदली माणसाला काम करता आले पाहिजे असे नाही, पण फाइल कोठे आहे हे त्याला ठाऊक असले पाहिजे.

आणि व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकले म्हणजे काम सोपवले, असे धरू नये. त्या संदेशावर आलेले चौदा अंगठे ही पोच असते, संमती नसते.

सातवी पायरी: सांधे तपासा

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. सुमारे ३४० किलोमीटरचा प्रवास, पहिल्या गाडीला १० वाघिणी आणि त्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी. वाघिणी मिळवणे आणि रुळांवरून गाडी चालवणे हे रेल्वेचे नेहमीचेच काम होते. नवे होते ते दोन टोकांचे काम, म्हणजे मिरजेला नदीचे पाणी वाघिणीपर्यंत पोहोचवणे आणि लातूरला ते वाघिणीतून उतरवून शहराच्या पुरवठ्यापर्यंत नेणे. जेथे एका यंत्रणेचे काम संपून दुसरीचे सुरू होते, त्या सांध्यांवर अशा योजनेचे यश ठरते.

आपल्या केंद्रात असे चार-पाच सांधे आहेत. धान्य वर नेणाऱ्या एलिव्हेटरला जमिनीत खड्डा लागतो आणि वर उंची लागते, म्हणून यंत्राचा आराखडा पाया खोदण्याआधी ठेकेदाराकडे पोहोचला पाहिजे. अन्यथा झालेली फरशी फोडावी लागते, किंवा पत्रा कापावा लागतो. सर्व मोटारींची मिळून किती अश्वशक्ती होते हे यंत्रखरेदीतून कळल्याशिवाय वीजभार किती मागायचा हे ठरत नाही. वजनकाटा विकत आणणे एकाचे काम आणि त्याची वैधमापन विभागाकडून पडताळणी करून मुद्रांकन घेणे हे दुसऱ्याचे, असे झाले की काटा येतो आणि शिक्का राहून जातो. सोयाबीनमधील ओलावा मोजणारे मीटर हे यंत्रांच्या यादीत धरायचे की कार्यालयाच्या, यावरूनही ते दोन्ही याद्यांतून निसटते. आणि हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के असल्याने पहिल्याच पोत्याला त्याची आठवण येते.

तक्ता पूर्ण झाल्यावर शेजारशेजारच्या दोन जबाबदार व्यक्तींना समोरासमोर बसवावे आणि एकच प्रश्न विचारावा: 'तुमच्याकडून यांना काय, कोणत्या तारखेला मिळणार आहे?' दोघांची उत्तरे जुळली नाहीत तर तो सांधा स्वतंत्र काम म्हणून तक्त्यात लिहावा आणि त्यालाही एक गळा शोधावा. वरच्या तक्त्यातील दुसरी ओळ अशीच आलेली आहे. सहसा तो देणाऱ्याचा असावा असे माझे मत आहे, कारण घेणारा वाट पाहत बसतो.

आठवी पायरी: बाजाराच्या दिवशी अर्धा तास

आढाव्यासाठी वेगळा दिवस काढला तर कोणी येत नाही. तालुक्याच्या आठवडी बाजाराला सर्वजण येतातच. त्या दिवशी सकाळी, बाजार भरण्याआधी, अर्धा तास बसावे. तक्ता भिंतीवर असावा. प्रत्येकाने फक्त आपल्या ओळींबद्दल झाले, होणार आणि अडले एवढेच सांगावे. अडलेल्याची चर्चा संबंधित दोघा-तिघांनी नंतर चहाला करावी.

एखाद्याकडून काम होत नसेल तर ते काढून घेणे हा प्रकल्पप्रमुखाच्या कसोटीचा क्षण असतो. भर बैठकीत काढून घेतलेले काम पुढील दहा वर्षे लक्षात राहते. आधी एकट्याला भेटून अडचण काय ते विचारावे. बरेचदा ती अधिकाराची किंवा पैशाची निघते आणि माणूस बदलावा लागत नाही. बदलावाच लागला तर त्याच दिवशी जुन्या आणि नव्या माणसाने एकत्र बसून फाइल, फोन क्रमांक आणि अर्धवट बोलणी समजावून घ्यावीत, आणि तक्त्यावरील नाव दोघांच्या देखत बदलावे. एक आठवडा जरी ती ओळ बिननावाची राहिली तरी वीणा खाली ठेवली गेली असे समजावे.

शेवटची पायरी: केंद्र चालवणाऱ्यांच्या हाती देणे

उभारणी करणारे आणि रोज चालवणारे बहुधा वेगळे असतात. चाचणीचा माल चाळून झाला की त्याच दिवशी हस्तांतर वही करावी. शेडच्या किल्ल्या, यंत्रांची हमीपत्रे, दुरुस्ती करणाऱ्याचा क्रमांक, वीजबिलाचा ग्राहक क्रमांक, काट्याच्या पुढील पडताळणीची तारीख, ठेकेदाराची राखून ठेवलेली रक्कम आणि ती केव्हा द्यायची, या नोंदी कराव्यात व देणारा आणि घेणारा या दोघांनी त्याखाली सह्या कराव्यात. भिंतीवरचा तक्ता त्यानंतर उतरवून त्याच वहीत घडी घालून ठेवावा. पुढील वर्षी तूरडाळीचे यंत्र आणायचे ठरले की नवी यादी लिहिताना तो पहिल्यांदा उघडावा लागेल.